जुळ्यांची रात्र: दोघींना एकाच घड्याळावर आणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लालबागला वन रूम किचनमध्ये राहणारं कुटुंब. पस्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन होऊन जुळ्या मुली झाल्या. जन्मवजन थोरलीचं २.३ किलो, धाकटीचं १.९ किलो, आणि आज बारावा दिवस. घरात बाळंतीण, बाबा आणि बाळांची आजी. थोरली रात्री एकला उठते, तिला पाजून झोपवेपर्यंत दोन वाजतात, पाठ टेकावी तर धाकटी कुरकुरते. साडेचारला नळाला पाणी येतं. बाळंतिणीला सलग तासभरही झोप मिळत नाही. उलट धाकटी एखाद्या रात्री चार-साडेचार तास उठतच नाही. तेव्हा आजी म्हणते झोपू दे बिचारीला, आणि बाबांना धाकधूक वाटते. बाबांनी विचारलं आहे की रात्रीची व्यवस्था लावायची कशी.

आधी धाकटीचं. तिला उठवा. आजींचं म्हणणं पूर्ण दिवसांच्या, तीन किलोच्या बाळासाठी ठीक आहे, पण तुमच्या मुली पाच आठवडे लवकर आल्या आहेत. अशा बाळांच्या अंगात चरबी आणि यकृतात साखरेचा साठा कमी असतो. दूध पोटात गेलं नाही की रक्तातली साखर उतरते, साखर उतरली की बाळ आणखी पेंगतं, आणि पेंगणारं बाळ धड ओढत नाही. म्हणून इतक्या लहान बाळाची शांत झोप ही पोट भरल्याची खूण मानता येत नाही. भुकेने रडायलाही ताकद लागते, आणि ती धाकटीकडे अजून पुरेशी नाही. दोघींचं वजन जन्मवजनाच्या वर जाईपर्यंत आणि बालरोगतज्ज्ञ स्वतः मोकळीक देईपर्यंत दोन पाजण्यांमध्ये तीन तासांपेक्षा जास्त अंतर नको. हे तीन तास पाजायला सुरुवात केल्यापासून मोजायचे, संपल्यापासून नाही. इथे बहुतेक घरांत चूक होते. नऊला सुरू करून दहाला संपलं आणि तिथून तीन तास धरले, तर चोवीस तासांत आठऐवजी सहाच वेळा दूध जातं.

आता वेळेचा हिशोब मांडू. एका बाळाचं लंगोट बदलणं पाच मिनिटं, अंगावर पाजणं वीस-पंचवीस मिनिटं, कमी पडलेलं दूध बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) देणं दहा मिनिटं, ढेकर काढून उभं धरणं दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे पाऊण तास ते पंचावन्न मिनिटं. दोघींचं वेगवेगळं केलं तर साधारण शंभर मिनिटं गेली, आणि तीन तासांच्या फेरीत तुमच्या वाट्याला ऐंशीएक मिनिटं उरली. त्यातही दुसरी तिच्या वेळेने उठली तर तीही तुकड्यातुकड्यांत. हेच एकत्र केलं तर तासाभरात सगळं उरकतं आणि पुढचे जवळजवळ दोन तास हाताशी राहतात. म्हणून जुळ्यांच्या घरात रात्रीचा नियम एकच: एक उठली की दहा मिनिटांच्या आत दुसरीलाही उठवायचं. झोपलेल्या बाळाला उठवणं जिवावर येतं हे खरं, पण हा नियम पाळल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही.

वेळा ठरवून टाका: रात्री नऊ, बारा, तीन आणि सकाळी सहा. दिवसाही तोच क्रम चालू ठेवा. कोणी मधेच लवकर भूक दाखवली, म्हणजे तोंड वळवून शोधू लागली, जीभ बाहेर काढू लागली, मूठ चोखू लागली, तर अर्थातच पाजा, आणि दुसरीलाही सोबत घ्या. तीन तास ही कमाल मर्यादा आहे, त्याआधी पाजायला कधीच ना नाही.

माणसांची वाटणी अशी करून बघा. नऊला बाळंतीण दोघींना अंगावर पाजते आणि पावणेदहाला आडवी होते. बाराचं पाजणं बाबांकडे. दिवसा काढून ठेवलेलं आईचंच दूध ते बोंडल्याने एकीमागून एकीला देतात आणि एकला झोपतात. नऊनंतर झोपलेल्या आजी पावणेतीनला उठतात, तीनला बाळंतिणीच्या मदतीला बसतात, मग साडेचारचं पाणी भरून पाचला पुन्हा पडतात. पाणी भरणं हेही रात्रपाळीचंच काम समजून वाटणीत धरा, नाहीतर त्याचा भार न बोलता एकाच माणसावर येतो. सहाला बाबा उठतात. या बसवणुकीत बाळंतिणीला पावणेदहा ते पावणेतीन अशी पाच तासांची सलग झोप मिळते, बाबांना एक ते सहा आणि आजींना जवळपास तेवढीच. सिझेरियनच्या टाक्यांवर आणि दुधावरही या सलग झोपेचा परिणाम दिसतो.

अशी सुटी रात्रीतून एकदाच घ्यायची, दोनदा नाही. पहिल्या काही आठवड्यांत दूध किती येणार हे स्तन किती वेळा रिकामे होतात त्यावर ठरतं, आणि दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. पाच तासांनी छाती दगडासारखी झाली, गाठी लागल्या, तर सुटी चार तासांवर आणा. आणि बाराच्या पाजण्यापुरतं दूध साठत नसेल तर पहिले काही दिवस बाळंतिणीने बाराला फक्त पाजायला उठावं. लंगोट, ढेकर, झोपवणं हे सगळं बाबांनी करावं. बाळ मांडीवर आयतं आलं आणि पाजून झाल्यावर उचलून नेलं गेलं, तर तिची झोप अर्ध्या तासाच्या वर मोडत नाही.

दूध साठवायची सर्वांत चांगली वेळ सकाळची. सहाच्या पाजण्यानंतर दहा मिनिटं हाताने किंवा पंपाने काढा, दुपारी आणखी दोनदा काढा. सुरुवातीला एका वेळी दहा-वीस मिली निघालं तरी हिरमुसू नका, चार-पाच दिवसांत ते वाढतं. किती लागेल तेही सांगते. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला किलोमागे साधारण १५० ते १८० मिली धरतात. आठ वेळा पाजलं तर धाकटीला एका वेळी ३५ ते ४३ मिली आणि थोरलीला ४३ ते ५२ मिली, म्हणजे बाराच्या पाजण्याला दोघींचं मिळून ८० ते ९५ मिली. डॉक्टरांनी कागदावर वेगळा आकडा लिहून दिला असेल तर तोच खरा.

काढलेलं दूध स्टीलच्या उकळलेल्या, झाकणाच्या वाटीत ठेवा आणि वर वेळ लिहिलेली चिकटपट्टी लावा. मुंबईच्या उकाड्यात ते बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये तर लगेच फ्रिजमध्ये टाका. फ्रिजच्या दारात नाही, मधल्या कप्प्यात अगदी मागे, कारण दार उघडझाप होताना पुढचा भाग सारखा तापतो. इतक्या लहान बाळांसाठी २४ तासांत वापरून टाकावं. साय वर आलेली दिसेल, ती खराबीची खूण नाही, वाटी हलकेच फिरवली की मिसळते. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. थर्मासमधलं गरम पाणी वाडग्यात ओतून त्यात वाटी पाच मिनिटं धरा. बाळाचं पिऊन उरलेलं दूध पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही.

आता बोंडल्याबद्दल, कारण बाबा बाराला एकटे असणार. बाटलीपेक्षा बोंडलं किंवा वाटी-चमचा बरा. बाटलीचं बूच नीट उकळलं गेलं नाही तर जुलाब होतात, आणि बाटलीतून सहज येणाऱ्या धारेची सवय लागली की लहान बाळ स्तनावर ओढायला कंटाळतं. धाकटीला मांडीवर अर्धवट बसतं धरा, पाठ आणि मान तुमच्या डाव्या हातावर, हनुवटीखाली मऊ फडकं. ती पूर्ण जागी हवी. बोंडलं पाऊण भरा, त्याची चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर टेकवा आणि दूध ओठाला जेमतेम लागेल इतकंच तिरकं करा. ती जीभ पुढे काढून चाटेल, गिळेल, मग क्षणभर थांबेल. ती थांबली की तुम्हीही थांबा, बोंडलं आडवं करा. पुन्हा जीभ हलली की पुन्हा. घशात ओतायचं नाही, कितीही झोप आली असली तरी नाही. ओतलेलं दूध श्वासनलिकेत जातं आणि इतक्या लहान फुप्फुसांना ते फार महागात पडतं. दूध ओठांच्या कडेने सांडू लागलं, ठसका लागला, तोंडाभोवती काळसर निळं दिसलं किंवा श्वास अडखळला, तर लगेच थांबा, तिला पुढे झुकवून धरा आणि रंग नीट झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. असं दोन-तीनदा झालं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा, ओठ-जीभच निळी झाली तर त्याच रात्री. चाळीस मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढी लागू द्या.

बोंडलं धुताना आधी गार पाण्याने विसळा, कारण एकदम गरम पाण्याने दूध आतून चिकटून बसतं. मग साबण आणि बारीक ब्रश, चोचीच्या आतूनसुद्धा. त्यानंतर भांड्यात बुडवून दहा मिनिटं उकळवा. रात्रीला पुरतील असे दोन बोंडल्यांचे आणि दोन वाट्यांचे संच संध्याकाळीच उकळून झाकून ठेवले की बाराला गॅस पेटवावा लागत नाही.

तीनच्या पाजण्याला दोघी एकदम अंगावर. सिझेरियन झालेल्या बाईला हे काखेतल्या पकडीने सोपं जातं, टाक्यांवर वजन येत नाही. भिंतीला पाठ टेकून बसा, कमरेमागे लोड, आणि दोन्ही कुशींना दोन-दोन उश्या, म्हणजे बाळ छातीच्या उंचीवर येतं आणि आईला वाकावं लागत नाही. बाळाचे पाय आईच्या काखेखालून मागे, डोकं तिच्या तळहातात, नाक स्तनाग्रासमोर. आधी धाकटीला लावा, कारण तिला नीट तोंड धरायला वेळ लागतो आणि त्या वेळी आईचा दुसरा हात मोकळा हवा. तोंड मोठं उघडलं की आजींनी पाठीला आधार देऊन तिला जवळ आणावं, डोक्यामागून ढकलू नये, ढकललं की बाळ मान मागे टाकतं. नुसतं स्तनाग्र नाही, काळ्या भागाचाही बराचसा हिस्सा तोंडात हवा. दोन-तीन वेळा चोखून एक घोट, असा गिळण्याचा आवाज ऐकू आला की मग थोरली. थोरली जोरात ओढते, तिच्यामुळे पान्हा फुटतो आणि धाकटीलाही आयतं दूध मिळतं. दोघींना एकदम पाजण्याचा हा मोठा फायदा आहे. कोणत्या बाजूला कोण हे दर वेळी ठरवत बसू नका, आज धाकटी डावीकडे असेल तर उद्या उजवीकडे. रोज बदललं की दोन्ही बाजूंना जोरात ओढणारं बाळ मिळतं.

धाकटी पाच मिनिटांत पेंगली तर दुपटं काढा, तळपाय अंगठ्याने चोळा, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवा, ओला कापूस कपाळाला लावा. नाक दाबणं, गाल चिमटणं नको. तरीही वीस मिनिटांत धड गिळत नसेल तर तिला अंगावर तासभर ठेवून थकवू नका, उरलेलं बोंडल्याने द्या. चोखण्यात जाणारी ताकदही तिच्या वजनातूनच वजा होते.

लंगोट पाजण्याआधी बदला. त्याने बाळ जागं होतं, आणि पाजून झाल्यावर पाय वर उचलले की दूध उलटतं. चार फेऱ्यांना दोघींचे आठ लंगोट लागतात, दहा हाताशी ठेवा. पावसाळ्यात कापडी लंगोट दोन-दोन दिवस दमट राहतात आणि दमट कापडाने जांघा लाल होतात, म्हणून दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा किंवा रात्रीपुरते तयार डायपर वापरा. यात कमीपणा मानू नका. चोवीस तासांत प्रत्येकीचे किमान सहा लंगोट लघवीने ओले झाले पाहिजेत.

अंथरुणाशेजारी एक टोपली कायमची: लंगोट, कापूस, पाण्याचा डबा, चार फडकी, दोन झबली, थर्मास, बोंडल्यांचे संच, थर्मामीटर, बाळंतिणीसाठी पाण्याची बाटली आणि खाण्याचा डबा. मध्यरात्री स्वयंपाकघरात फेरी झाली की दिवा लागतो, भांडं वाजतं आणि सगळं घर जागं होतं. दिवा मंद पिवळा लावा. निळा किंवा हिरवा झिरोचा बल्ब आजच काढून टाका, कारण त्या उजेडात ओठ निळे पडले आहेत की नाही ते कळत नाही.

दोघी मुली, दोघींचं टोपरं सारखं, आणि अर्धवट झोपेत पाजणारे तीन जण. अशा घरात एकीला ड जीवनसत्त्वाचे थेंब दोनदा आणि दुसरीला एकदाही नाही, हे अगदी सहज घडतं. एकीच्या पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिश लावा. मनगटात किंवा गळ्यात दोरा बांधू नका, तो आवळतो. जुनी वही घ्या, डावं पान थोरलीचं, उजवं धाकटीचं. वेळ, किती मिनिटं अंगावर, किती मिली वरून, लघवी, शी, औषध. बाळ हातात असतानाच लिहा, नंतर लिहू म्हटलं की राहतं. ड जीवनसत्त्व साधारणपणे रोज ४०० युनिट देतात, पण बाजारातल्या बाटल्यांत एका मिलीत ४०० असलेल्याही असतात आणि ८०० असलेल्याही. लेबल वाचा, आणि औषधं दिवसाच्या ठरलेल्या वेळी एकाच माणसाने द्यावीत. रात्री औषध नकोच.

वरचं, म्हणजे डब्यातल्या पावडरचं, दूध डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते अपराधासारखं देऊ नका, पण माप काटेकोर हवं. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं असतं. आधी पाणी, मग पावडर. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच मिसळायचं आणि मग वाटी गार पाण्यात धरून कोमट करायची, कारण पावडर निर्जंतुक नसते. पचायला हलकं व्हावं म्हणून पाणी वाढवू नका, त्याने रक्तातलं मीठ उतरून बाळाला झटके येऊ शकतात. डबा कोणता हे डॉक्टर ठरवतील, केमिस्ट नाही. १९९२ च्या कायद्याने या डब्यांची जाहिरात करायला आणि फुकट नमुने वाटायला बंदी आहे, ती याचसाठी. शेजारच्या बाळंतिणीचं कच्चं दूधही घेऊ नका. सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, तिथेही दात्या मातांची तपासणी होते आणि दूध पाश्चराइझ करूनच बाळांना दिलं जातं.

झोपवताना दोघी उताण्या, सपाट आणि घट्ट गादीवर, वेगवेगळ्या. पोटात एकत्र होत्या म्हणून एकाच दुपट्यात ठेवू नका, एकीचा हात दुसरीच्या तोंडावर येतो. वन रूम किचनमध्ये दोन पाळण्यांना जागा नसते. जमिनीवर दोन छोट्या कापसाच्या कडक गाद्या, मध्ये हातभर अंतर आणि वर मच्छरदाणी, एवढं पुरतं. साडीच्या झोळीत रात्रभर नको. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लवकर जन्मलेल्या बाळाचा श्वास त्यातच कोंडतो. मोहरीची उशी नको, लोड नको, तोंडाजवळ गोधडी नको. पाय ताठ करून घट्ट बांधणंही नको, त्याने खुब्याचे सांधे बिघडू शकतात. सैल गुंडाळा, गुडघे वाकवता आले पाहिजेत. आणि सोफ्यावर बसून, बाळ छातीशी धरून डोळा लागणं हे सगळ्यांत धोक्याचं आहे. पेंग आलीच तर बाळ आधी गादीवर ठेवा, मग ती रडली तरी चालेल.

अंग गार आहे का ते हाताच्या पालथ्या बाजूने बघा. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट पण पाय गार, तर थंडी वाजतेय, एक कपडा वाढवा किंवा उघड्या छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर ताबडतोब छातीशी धरून वरून पांघरूण घ्या आणि थर्मामीटर लावा. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस असावं, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट. मुंबईत उलटंही होतं. मे महिन्यात लोकरीचं टोपरं, मोजे आणि दोन दुपटी घातली की बाळ तापतं आणि ताप आला म्हणून धावपळ होते. पंखा मंद चालवा, झोत अंगावर नको. एसी असेल तर २६ ते २८. छातीशी धरणं मात्र रोज करा. संध्याकाळी बाबांनी शर्ट काढून धाकटीला फक्त लंगोट-टोपऱ्यावर छातीशी उभी धरावी, निदान तासभर. अडीच किलोच्या आतल्या बाळांसाठी हा उपचारच आहे, आणि तो जितका जास्त वेळ तितका चांगला.

आजींचा मान राखून, पण ठामपणे काही गोष्टी थांबवा. बंद खोलीत शेगडी आणि ओव्याची धुरी: कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि धुराने या बाळांचा श्वास बिघडतो. मच्छर अगरबत्तीही त्यातच आली. बाळगुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर, नाका-कानात तेल, डोळ्यांत काजळ, यातलं काहीही नाही. शेक द्यायचा तर बाळंतिणीला गरम पाण्याच्या पिशवीने द्या, मालिश दिवसा आणि वजन वाढल्यावर, डॉक्टरांना विचारून. आजींना नुसतं नको म्हणण्यापेक्षा तीनच्या पाजण्याची जबाबदारी द्या. त्या हातांना बाळ कसं धरावं ते चांगलं ठाऊक असतं. रात्रीसाठी मावशी ठेवणार असाल तर नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, खोकला-सर्दी नाही, आणि बाळाच्या तोंडात न विचारता काही घालायचं नाही, एवढं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

या बाळांची झोप आवाजी असते. कण्हणं, आळोखेपिळोखे, शिंका, उचक्या, हे सगळं झोपेतच चालतं. कण्हल्याबरोबर उचललं तर तुम्ही झोपलेल्या बाळाला जागं करता. मिनिटभर बघा, डोळे मिटलेले आणि रंग गुलाबी असेल तर राहू द्या. पाच-दहा सेकंद श्वास थांबून पुन्हा भरभर सुरू होणंही या वयात चालतं, रंग बदलत नसेल तर. एक रडली म्हणून दुसरी दर वेळी उठतेच असं नाही, लोकलच्या आणि कुकरच्या शिट्टीची जशी सवय होते तशी बहिणीच्या रडण्याचीही होते. रडणं अजून वाढेल, मूळ तारखेनंतर साधारण सहा आठवड्यांनी ते सर्वांत जास्त असतं. तेव्हा दूध आटलं असं समजून घाबरू नका, वजन बघा.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून. दोन आठवड्यांपर्यंत जन्मवजन भरून यावं आणि पुढे दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ दिसावी. असं दोन-तीन आठवडे टिकलं की डॉक्टर रात्री एखादं अंतर चार तासांचं करायला सांगतात. धाकटीला ती परवानगी थोरलीनंतर मिळाली तरी काही बिघडत नाही.

बाळंतिणीकडेही रोज बघा. ताप, टाक्यांतून पू, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, छातीचा एक भाग लाल आणि दुखरा, पोटरी सुजून दुखणं: रुग्णालय. बाळं झोपली असूनही तिला झोप न येणं, दोन आठवड्यांनंतरही रोज रडू, बाळांबद्दल काहीच न वाटणं किंवा भलते विचार येणं, हा आजार आहे आणि तो बरा होतो. तिला एकटं ठेवू नका आणि डॉक्टरांशी बोला. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर रात्रीही मराठीत बोलता येतं.

आता रात्रीच निघायचं कधी ते. सलग दोन वेळा दूध घेतलं नाही किंवा उठवूनही डोळे उघडत नाहीत. शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलेला श्वास साठच्या वर, थांबून पुन्हा मोजला तरी तेवढाच. बरगड्यांखाली खड्डा पडतो, दर श्वासाला कण्हते. वीस सेकंद श्वास थांबला किंवा ओठ-जीभ निळी झाली. तापमान ३७.५ च्या वर आणि कपडे कमी करूनही अर्ध्या तासात उतरत नाही, किंवा छातीशी धरूनही ३६.५ च्या वर येत नाही. हिरवी उलटी. झटके. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत. शी पांढरट मातीसारखी असेल तर त्याच दिवशी दाखवा. बाकी यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघू नका. लालबागहून परळची वाडिया आणि केईएम ही रुग्णालयं रात्री टॅक्सीने काही मिनिटांवर आहेत, श्वासाचा त्रास असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून न्या, वाटेत गार पडायला नको. दोघींच्या फाइली वेगळ्या रंगांच्या करून दारामागे टांगून ठेवा, वही सोबत घ्या. बाळंतीण आजारी बाळाबरोबर गेली तर घरी राहणाऱ्या बाळासाठी फ्रिजमध्ये किती दूध आहे ते बघूनच निघा, आणि नसेल तर दुसरीलाही सोबत घ्या.